बहात्तरचा दाखला देणाऱ्यांना

छत्रपती संभाजीनगरात हरितगृह वायूंचा विषय काढला की कुणीतरी बहात्तर सालाचा दाखला देतंच. ‘तेव्हा कुठे होत्या एवढ्या गाड्या, एवढे एसी? तरी दुष्काळ पडलाच ना?’ एखादा जास्त वाचलेला असला तर तो जुन्या नोंदी काढतो. मे १९०५ मध्ये याच शहरात पारा ४५ अंशांच्या वर गेला होता, आणि तेव्हा वाळूजला एमआयडीसी नव्हती. एवढ्यावर निष्कर्ष तयार होतो. मराठवाडा पहिल्यापासूनच अवर्षणप्रवण. आपलं वाटोळं केलं ते उसाने, टँकरवाल्यांनी, झाडतोडीने आणि पुढाऱ्यांनी. हे वायूबियू म्हणजे थंड खोलीत बसणाऱ्यांचं खूळ, नाहीतर बाहेरच्या देशांनी आपल्या गळ्यात अडकवलेलं लोढणं.

असं बोलणारे अडाणी नसतात. त्यांतल्या अनेकांनी पाण्यासाठी मोर्चे काढलेत, नालाबांधावर स्वतः घमेली उचललीत. म्हणून तर त्यांना उत्तर द्यायला हवं, आणि ते हिशेबाने द्यायला हवं. त्यांच्या म्हणण्यातला निम्मा भाग खरा आहे. उरलेला निम्मा मराठवाड्याला फार महागात पडणार आहे.

बहात्तरचा दुष्काळ भीषण होता, यात वाद नाही. ओळीने वर्षं कोरडी गेली, १९७२ मध्ये प्रशांत महासागरात एल निनोही होता. सुकडी आणि मिलोवर दिवस काढलेली, रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली पिढी अजून गावोगाव आहे. रोजगार हमी योजना त्याच होरपळीतून उभी राहिली. पण त्याच पिढीला विचारा, ते काय सांगतात? ‘तेव्हा खायला दाणा नव्हता, पण विहिरीत पाणी होतं. आता दाणा आहे, पाणी नाही.’ २०१२-१३ मध्ये हेच झालं, २०१५-१६ मध्ये पुन्हा झालं, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याला उपसा कारणीभूत आहे, ऊस आहे, हजार फुटांपर्यंत गेलेल्या बोअर आहेत, हे सगळं मान्य. मात्र एवढ्यावरून बहात्तर आणि आज एकाच मापाने मोजता येत नाहीत, हे तरी मान्य करा.

मुळात या दाखल्याचं तर्कशास्त्रच लंगडं आहे. तंबाखू येण्याआधीही माणसं कर्करोगाने मरत होती, म्हणून तंबाखू निर्दोष ठरत नाही. हवेतल्या वायूंनी दुष्काळ नावाची गोष्ट जन्माला घातली, असं कुणी अभ्यासक म्हणत नाही. दुष्काळ शेकडो वर्षांपूर्वी, दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या काळीही होता. आधीपासून जे होतं त्याची वारंवारता आणि तीव्रता आता बदलते आहे, त्याचा हिशेब बिघडतो आहे, एवढंच म्हणणं आहे. १९०५ चा तो पारा एका दिवसाचा होता. एका दिवसाने हवामान ठरत नाही. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतातल्या हवामानबदलाचा अहवाल काढला. तो परदेशातून आलेला नाही, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचं संपादन केलंय. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचं तो सांगतो.

इथे लगेच हात वर होतो: ‘जग सव्वा अंशाने तापलं म्हणता, मग भारत कमी कसा?’ प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र दिलासा देणारं नाही. जमिनीवरची धूळ, चुलींचा, भट्ट्यांचा आणि गाड्यांचा धूर यांचा एक थर आपल्या डोक्यावर असतो आणि तो ऊन काही प्रमाणात अडवतो. सिंचनाखालची ओली शेतंही थोडी थंडाई देतात. पण धूर आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाने धुऊन जातो, कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतकं हवेत राहतो. लोकांच्या फुप्फुसांसाठी धूर कमी करायलाच हवा, आणि तो कमी झाला की आतापर्यंत झाकलेली उष्णता उघडी पडणार आहे. कमी आकडा म्हणजे सुटका झाली असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता हे वायू करतात काय? त्यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही, ज्याने गच्चीवर अंथरूण टाकलंय त्याला ते ठाऊक आहे. मे महिन्यात आभाळ स्वच्छ असेल तर दिवसभर कितीही तापलं तरी पहाटे चारला चादर ओढावी लागते. आणि आभाळ भरून आलं, पाऊस मात्र पडला नाही, तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. दोन्ही दिवशी सूर्य तेवढाच तापलेला असतो. फरक एवढाच की निरभ्र रात्री जमिनीची उष्णता सरळ अवकाशात निघून जाते, आणि ढगाळ रात्री ढग आणि हवेतली वाफ ती शोषून पुन्हा खाली पाठवतात. डिसेंबरात निफाडला पारा घसरतो त्यात कोरड्या, निरभ्र हवेचा मोठा हात असतो. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे वायू तेच काम करतात. पण ढग सकाळी विरतो, हे विरत नाहीत. बारा महिने, चोवीस तास, डोळ्यांना न दिसता ते उष्णता अडवत राहतात.

‘पण हवेत कार्बन डायऑक्साइड आहेच किती? पॉइंट शून्य चार टक्के!’ हा युक्तिवाद फार आत्मविश्वासाने केला जातो. हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन आहे, हे बरोबर. पण हे दोन्ही वायू जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांना जवळजवळ अडवतच नाहीत. अमेरिकेत युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वाधिक तापल्याचं नोंदवलं. १८५९ मध्ये लंडनला जॉन टिंडल यांनी उपकरणावर मोजून कोणता वायू उष्णता अडवतो आणि कोणता सोडतो हे दाखवलं. आपल्याकडे अठराशे सत्तावन्नची धामधूम नुकतीच शमत होती, इतकं हे शास्त्र जुनं आहे. काम करणारे वायू हवेत अल्पच आहेत, आणि तेवढ्या अल्पांच्या जिवावर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास आहे. ते नसते तर ते उणे १८ असतं. ज्या अल्पांशाने आपल्याला तेहेतीस अंशांची ऊब दिली, त्यातला कार्बन डायऑक्साइड दीडपट केल्यावर काहीच होणार नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं? कारखानदारीचं युग सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे १९५८ मध्ये रोजचं मोजमाप सुरू झालं तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या पुढे गेलाय.

तो आपल्याच धुराड्यांतला, हेही ओळखता येतं. दगडी कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेलं असल्याने त्यातला किरणोत्सारी कार्बन केव्हाच संपलेला असतो. हवेतल्या कार्बनमध्ये त्या जुन्या, ‘विझलेल्या’ कार्बनचं प्रमाण वाढताना मोजलं गेलंय. ज्वालामुखींचं नाव घेणाऱ्यांसाठी: जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. आणि सूर्यच जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापतेय आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतोय. उष्णता खालीच अडते आहे, याचा यापेक्षा ठळक ठसा कोणता हवा?

मराठवाड्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र वेगळाच आहे: सात टक्के. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. या एका नियमात आपल्या दोन्ही दुखण्यांचं मूळ आहे. पावसाने ओढ दिली की ही जास्त तहानलेली हवा जमिनीतली ओल ओढून घेते, म्हणून पूर्वी पावसाचा खंड सोसणारं पीक आता लवकर माना टाकतं. आणि पाऊस आला की हीच हवा साठवलेलं सगळं एकदम ओतते. जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे, पण सरासरी पेरता येत नाही. तेच पाणी मोजक्या दिवसांत कोसळलं तर मुरायला वेळ मिळत नाही, माती मात्र वाहून जाते. पुण्याच्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात सर्वदूर अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या ओलसर वाऱ्यांचे चढउतार वाढले, हे त्यांनी दिलेलं कारण. ज्या मराठवाड्यात २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणलं, त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये शेतं तळी झाली, जमिनी खरवडून गेल्या, आणि जायकवाडीतून एवढं पाणी सोडावं लागलं की पैठणच्या सखल भागातल्या लोकांना हलवायची वेळ आली. दोन्ही टोकं एका दशकात.

जायकवाडीच्या नाथसागराकडे कधी भर उन्हाळ्यात बघा. एप्रिल-मेमध्ये काठ मागे सरकलेला असतो, भेगाळलेला गाळ उघडा पडलेला असतो, त्या गाळपेऱ्यात कुणी कुणी भाजीपाला घेतलेला असतो, आणि पलीकडे पाण्याचा पसरट चकचकीत पत्रा. भरलेलं असताना हे धरण साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतं, आणि ते उथळ आहे. एवढ्या पसरट, उथळ पाण्यावरून तापलेली, कोरडी हवा वाहिली की काय होतं ते सांगायला नको. शहराचं पिण्याचं पाणी, उद्योगांचं पाणी, जालना-बीड-परभणीच्या कालव्यांचं पाणी, सगळं त्याच पत्र्यावर अवलंबून. हवेतला प्रत्येक वाढीव अंश त्यातला वाटा आधी उचलतो, मग उरलेल्यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा भांडतात. परळीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. कोळसा जाळून वीज करणारं तिथलं औष्णिक केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणीच नसल्याने बंद ठेवावं लागलं.

‘माणूस एवढासा, तो आभाळ काय बदलणार?’ असंही वडीलधारे विचारतात. त्यामागची नम्रता मला समजते. पण ऑगस्ट २०१९ मध्ये याच शहरात विभागीय आयुक्तालयाच्या इमारतीवर रडार बसवलं होतं आणि चिकलठाण्याच्या विमानतळावरून कृत्रिम पावसासाठी विमान उडत होतं. राज्य सरकारने त्यासाठी कोट्यवधी रुपये काढून ठेवले होते, आणि त्या वेळी माणूस आभाळ बदलू शकत नाही म्हणून कुणी मंत्रालयाला पत्र लिहिलं नाही. एका विमानातून फवारलेल्या क्षारांवर विश्वास ठेवायचा आणि दरवर्षी जगभरातून बाहेर पडणाऱ्या साडेतीन हजार कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडवर ठेवायचा नाही, ही भूमिका टिकत नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येतो. पाण्यावर आयुष्य घालवलेली माणसं तो घेतात, आणि म्हणून मला त्याबद्दल आदर आहे. ते म्हणतात: ‘हवामानबदल’ हा शब्द प्रशासनाला फार सोयीचा सापडलाय. नाला बुजवून प्लॉट पाडले, पूर आला, की हवामानबदल. पाणी उसाला दिलं, गावाला टँकर लागला, की हवामानबदल. आकाशाकडे बोट दाखवलं की जमिनीवरचा गुन्हेगार सुटतो.

हे घडतं, रोज घडतं. पण त्यावर उपाय म्हणून वायूंचं विज्ञान नाकारणं म्हणजे चोराने खोटी सबब सांगितली म्हणून पंचनामाच फाडून टाकणं. उलट या विज्ञानाने सबब सांगायला जागाच राहत नाही. अतिवृष्टी वाढणार हे छापील अहवालात आलेलं असताना खाम नदीच्या पात्रात आणि शहरातल्या नाल्यांवर बांधकामाला परवानगी कशी दिली? पाझर तलावाचा सांडवा अजून जुन्याच पावसाच्या आकड्यांवर का बांधला? माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल आणि सिंचन आयोगाने १९९९ मध्येच उपखोरेनिहाय तुटीचं चित्र राज्यापुढे ठेवलं होतं. त्या तुटीत आता वाढीव बाष्पीभवन मिळवा आणि मग तुटीच्या खोऱ्यात नव्या साखर कारखान्याला परवाना मागणाऱ्याला प्रश्न विचारा. ऊस आणि वायू यांतलं एक निवडा, असं कुणी सांगितलं आपल्याला? तापलेल्या हवेत तोच ऊस जास्त पाणी पितो. दोन्ही आरोप एकाच आरोपपत्रात बसतात, आणि एकामुळे दुसरा अधिक गंभीर होतो.

‘थंड खोलीतल्यांचं खूळ’ म्हणणाऱ्यांना मी नारेगावला नेईन. तीस-पस्तीस वर्षं शहराने आपला कचरा तिथे ओतला. ओला, सुका, कुजका, सगळा एकत्र. डोंगर झाला. अशा ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. मग भाजीचे देठ, शिळं अन्न, फळांच्या साली ऑक्सिजनशिवाय कुजतात, आणि त्या कुजण्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पट. तोच वायू पेटतो म्हणून अशा डोंगरांना उन्हाळ्यात आगी लागतात आणि पाणी मारून वरून विझल्या तरी आतून धुमसत राहतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव आणि आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. दुर्गंधी, माश्या, नासलेल्या विहिरी, पोरांचे आजार, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. शहरात महिनोन् महिने कचऱ्याचे ढीग साचले, कचरा तिकडे वळवताच मिटमिट्याला दगडफेक झाली, जाळपोळ झाली, आणि त्यानंतरच महापालिकेला प्रक्रिया केंद्रं उभारावी लागली, कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प आला. आंदोलकांच्या तोंडी मिथेन हा शब्द नव्हता. तरी मिथेनविरुद्ध या शहरात झालेलं सगळ्यात मोठं काम त्या गावकऱ्यांनी केलं. त्यांच्यातल्या कुणाकडे थंड खोली होती?

शेतातही तेच. युरियाच्या गोणीतलं सगळं नत्र पिकाला मिळत नाही. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींहून जास्त जाचक असतो. शेतकऱ्याचा पैसाही त्याच वाटेने जातो.

‘कार्बन डायऑक्साइड तर झाडांचं अन्न आहे’ आणि ‘झाडं लावली की झालं’ या दोन वाक्यांसाठी फार जागा खर्चत नाही. कापूस, तूर, हरभऱ्याला जादा कार्बन थोडा मानवतो, ज्वारी-बाजरी-मक्याला फारसा नाही. आणि बोंडं भरताना, मोसंबीला फळ धरताना उष्णतेची लाट आली तर हे जादा अन्न खायला झाड ठिकाणावर राहत नाही. पैठण-अंबडकडची फळगळ बघितलेल्याला हे पटवावं लागत नाही. झाडं जरूर लावावीत, सावलीसाठी, मातीसाठी, पाखरांसाठी. पण एक लिटर पेट्रोल जाळलं की हवेतला ऑक्सिजन मिळून सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चाळीस लिटरची एक टाकी म्हणजे नव्वद किलोच्या वर. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीस-पंचवीस किलो शोषतं. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला होता. त्यातलं प्रत्येक रोप जगलं असतं तरी कोळशाचा हिशेब त्याने मिटला नसता.

राहता राहिला प्रश्न अमेरिकेचा. ‘त्यांनी दीडशे वर्षं धूर केला, आता आम्हाला शहाणपण शिकवतात.’ ही चीड शंभर टक्के न्याय्य आहे. अमेरिकन माणूस वर्षाला सरासरी चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतीय माणूस दोन टनांच्या आसपास, आणि कन्नड-सोयगावच्या डोंगरकपारीतला कोरडवाहू शेतकरी त्याहून कितीतरी कमी. आपल्या शहरातही सगळे सारखे नाहीत. २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यापाऱ्यांनी एकदम दीडशे मर्सिडीज विकत घेतल्या होत्या, आणि त्याच जिल्ह्यात बायका टँकरमागे हंडे घेऊन धावत होत्या. दोघांवर सारखी जबाबदारी टाकणं अन्यायाचं आहे.

पण मग या चिडीला अर्थ केव्हा येतो? वायूंमुळे नुकसान होतं हे मान्य केलं तरच. शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत २०२२ मध्ये गरीब देशांच्या हानीच्या भरपाईसाठी निधी उभारायचं ठरलं, पुढच्या वर्षी दुबईत तो सुरू झाला. त्यात पैसा फारच तुटपुंजा आहे, तो वाढावा म्हणून भांडावं लागेल. त्या भांडणात दावेदार म्हणून उभं राहायचं तर मराठवाड्याला सांगता आलं पाहिजे की आमच्या खरडून गेलेल्या जमिनीत, आमच्या दुबार पेरणीत तुमच्या धुराचा एवढा वाटा आहे. पीकविम्याच्या अटी बदलून मागायच्या तरी हाच पुरावा लागतो: पावसाची जुनी सरासरी आता लागू नाही. ‘बहात्तरलाही असंच होतं’ हे वाक्य विमा कंपनीच्या वकिलाच्या तोंडी शोभतं. ज्याची सोयाबीन पाण्यात कुजली त्याच्या बाजूने बोलायला उभं राहिलेल्याने ते उच्चारलं, तर त्याने आपल्याच माणसाचा दावा समोरच्याच्या हातात दिला.